एन्क्लेव्ह आणि एक्सक्लेव्ह: तुटक मुलूख ओळखायचा कसा

प्रश्न असा: राजकीय भूगोलात एन्क्लेव्ह कशाला म्हणतात, एक्सक्लेव्ह कशाला, आणि नकाशावर एखाद्या देशाचा किंवा राज्याचा सुटा तुकडा दिसला तर तो यांपैकी कशात मोडतो हे ठरवायची खात्रीची पद्धत कोणती?

आधी व्याख्या. जो भूभाग चहूबाजूंनी एकाच परक्या सत्तेच्या मुलखाने वेढलेला आहे, तो एन्क्लेव्ह. एखाद्या सत्तेचा जो तुकडा तिच्या मुख्य भूमीला जोडलेला नाही आणि तिथे जमिनीवरून जायचे तर परका मुलूख ओलांडावा लागतो, तो एक्सक्लेव्ह. पहिली व्याख्या विचारते की वेढा कोणाचा, दुसरी विचारते की तुटला कोणापासून. हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि उत्तरेही स्वतंत्रपणेच काढावी लागतात.

बरेचदा असे शिकवले जाते की ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत: शेजाऱ्याने पाहिले तर एन्क्लेव्ह, मालकाने पाहिले तर एक्सक्लेव्ह. काही ठिकाणी हे जुळतेही. ऱ्हाईनच्या काठी शाफहाउजेनजवळ ब्युसिंगेन हे जर्मनीचे गाव आहे. त्याच्या सगळ्या बाजूंना स्वित्झर्लंड, आणि जर्मनीची सलग भूमी सर्वांत जवळ जिथे येते तिथेही मधली पट्टी काहीशे मीटरची. हे गाव जर्मनीचा एक्सक्लेव्ह आणि स्वित्झर्लंडमधला एन्क्लेव्ह, दोन्ही आहे. पण लेसोथो घ्या. तो संपूर्ण देशच दक्षिण आफ्रिकेच्या पोटात आहे. त्याला तुटायला दुसरी मुख्य भूमी नाही, म्हणून तो फक्त एन्क्लेव्ह. इटलीने वेढलेले सान मारिनो आणि व्हॅटिकन यांचेही तेच. जगात असे पूर्ण वेढलेले सार्वभौम देश हे तीनच. उलट बाजूला नाखिचेवान आहे. अझरबैजानचा हा भाग आर्मेनियामुळे मुख्य भूमीपासून तुटला आहे, पण त्याच्या सीमा आर्मेनिया, इराण आणि थोड्याशा लांबीत तुर्कस्तान अशा तीन देशांना लागतात. वेढा एकाचा नाही, म्हणून एन्क्लेव्ह नाही; एक्सक्लेव्ह आहे. शेजाऱ्यांची संख्या मोजायची सवय लावून घेतली की निम्मे घोळ तिथेच मिटतात. वेढ्यात दुसरा देश अगदी काही किलोमीटर आला, तरी एन्क्लेव्ह हा शब्द गळून पडतो.

मुख्य भूमी कोणती, हा प्रश्न सहसा पडत नाही. जिथे राजधानी आणि बहुसंख्य लोक, ती मुख्य भूमी. अडचण येते ती १९४७ ते १९७१ च्या पाकिस्तानसारख्या ठिकाणी. राजधानी पश्चिमेला, लोकसंख्या पूर्वेला जास्त, आणि मधे भारत. पूर्व पाकिस्तानला एक्सक्लेव्ह म्हटले तर राजधानीचा निकष लावला असे होते. लोकसंख्येचा लावला तर उलट उत्तर येते. अशा देशाला दोन खंडांत विभागलेला देश म्हणावे आणि एक्सक्लेव्ह हा शब्द लहान, उघडपणे दुय्यम तुकड्यांसाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे.

समुद्र आला की चित्र बदलते. रशियाचे कालिनिनग्राड पोलंड आणि लिथुआनिया यांच्या मधे आहे, पण त्याला बाल्टिकचा किनारा आहे. अंगोलाचे काबिंडा दोन्ही काँगोंच्या मधे, तेही किनाऱ्यावर. हे एक्सक्लेव्ह आहेत, पण रशियाचे किंवा अंगोलाचे जहाज कोणाची परवानगी न मागता तिथे पोहोचू शकते. गॅम्बिया आणि मोनॅको यांना जमिनीवर एकेकच शेजारी, चौथी बाजू समुद्राची. त्यांना अर्ध-एन्क्लेव्ह म्हणतात. समुद्रकिनारा म्हणजे कुलूप नसलेले दार, आणि म्हणूनच काटेकोर व्याख्येत किनारा असलेला प्रदेश एन्क्लेव्ह धरत नाहीत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा प्रादेशिक समुद्र हा त्या देशाच्या सार्वभौमत्वाखालचा प्रदेशच असतो. म्हणून सलगता तपासताना फक्त जमीन न पाहता हे पाणीही धरावे लागते.

याच कारणाने बेटांना एक्सक्लेव्ह म्हणत नाहीत. अंदमान मुख्य भूमीपासून दूर आहे, पण मधे कोणाचाही मुलूख नाही. अपवाद आहे तो परक्या पाण्यातल्या बेटांचा. मलावी सरोवरातली लिकोमा आणि चिझुमुलू ही बेटे मलावीची आहेत, पण त्यांच्याभोवतीचे पाणी मोझांबिकच्या हद्दीतले. ती दोन्ही पक्की एन्क्लेव्ह आहेत, जरी भोवती जमिनीचा वेढा नाही.

आता पातळीचा मुद्दा. एन्क्लेव्ह म्हणताना कोणत्या पातळीवरच्या सीमा धरल्या आहेत (देशांच्या, राज्यांच्या की जिल्ह्यांच्या) हे आधी ठरवले नाही तर उत्तर चुकतेच. याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या शेजारीच आहे, आणि त्यात पेशवाईचे कागदही येतात: दादरा आणि नगर हवेली.

१७७९ च्या तहानुसार पुण्याच्या पेशव्यांनी पोर्तुगिजांना दमणच्या बाजूच्या गावांतून वर्षाला १२,००० रुपये वसुलाचा हक्क द्यायचे कबूल केले. त्यापोटी १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी नगर हवेली आणि दादरा इथली गावे नेमून दिली. पुढे भोवतालचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि १९४७ नंतर भारताकडे आला. दमण किनाऱ्यावर, ही गावे आत. दमणहून तिथे जायचे तर भारतीय हद्दीतूनच जावे लागे. दादऱ्यात दादरा, डेमणी आणि तिघरा ही तीन गावे. नगर हवेली त्याहून बरीच मोठी. आणि या दोन तुकड्यांच्या मधेही भारताची जमीन. म्हणजे दोन स्वतंत्र एन्क्लेव्ह.

१९५४ च्या जुलैत भारताने पोर्तुगीज अधिकाऱ्यांची ये-जा बंद केली. २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेली मुक्त झाली. हे काम सैन्याने नाही, स्वयंसेवकांनी केले. आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स आणि महाराष्ट्रातून गेलेले तरुण त्यात होते. सुधीर फडके त्यांच्यापैकीच. व्याख्येचा व्यवहारातला अर्थ इथे स्पष्ट दिसतो. रस्ता बंद झाल्यावर पोर्तुगालला दादऱ्यात कुमक पोहोचवायचा एकही मार्ग उरला नाही. गोव्याला अरबी समुद्र होता. पन्नाशीच्या दशकात भारताने आर्थिक नाकेबंदी केली तरी जहाजे येत राहिली, आणि डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य पाठवेपर्यंत गोवा पोर्तुगिजांकडेच राहिला. मालक तोच, शेजारी तोच. फरक होता तो किनाऱ्याचा.

पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. निकाल १२ एप्रिल १९६० ला आला. एन्क्लेव्हचा अभ्यास करणाऱ्याने हा निकाल वाचायलाच हवा, कारण ये-जा करण्याचा हक्क म्हणजे काय, हे त्याइतके बारकाईने फार कमी ठिकाणी तपासले गेले आहे. पहिला वाद पेशव्यांनी काय दिले याचा होता. पोर्तुगालचे म्हणणे, मुलूखच दिला. भारताचे म्हणणे, फक्त सरंजाम दिला, म्हणजे वसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नाही. मराठी कागद पाहून न्यायालयाने या मुद्द्यावर भारताचे म्हणणे मानले. मात्र मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी तिथे पोर्तुगालचे सार्वभौमत्व व्यवहारात मान्य केले होते आणि भारतानेही तेच पुढे चालू ठेवले होते, म्हणून ती गावे पोर्तुगालची एन्क्लेव्ह ठरली.

दुसरा मुद्दा वाटेचा. ११ विरुद्ध ४ मतांनी न्यायालयाने म्हटले की खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना भारतातून जायचा हक्क पोर्तुगालला होता. ८ विरुद्ध ७ मतांनी म्हटले की सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांच्यासाठी असा हक्क नव्हता. कारण जुना रिवाज तसा होता: मुलकी लोक विनापरवाना जात, सशस्त्र तुकडीला मात्र दर वेळी परवानगी मागावी लागे. आणि ९ विरुद्ध ६ मतांनी, १९५४ मध्ये तिथे जो तणाव निर्माण झाला होता तो पाहता ये-जा थांबवण्यात भारताने कोणतेही बंधन मोडले नाही. हक्काचा आधार न्यायालयाने भूगोलात शोधला नाही. तो शे-सव्वाशे वर्षांच्या चालीरीतीत शोधला. म्हणून एखादा तुकडा एन्क्लेव्ह आहे म्हणून त्याला आपोआप रस्ता मिळतो, असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नये. रस्ता तहाने मिळतो, नाहीतर सिद्ध झालेल्या वहिवाटीने.

पातळीचा मुद्दा इथे पुन्हा येतो. निकाल लागला तेव्हा भोवतालचा सगळा प्रदेश एकाच मुंबई राज्यात होता. १९ दिवसांनी, १ मे १९६० ला, महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. त्या दिवसापासून दादरा राज्यांच्या पातळीवर गुजरातमधला एन्क्लेव्ह राहिला, पण नगर हवेलीच्या सीमेवर दोन राज्ये आली आणि राज्यांच्या पातळीवर ती एन्क्लेव्ह उरली नाही. देशांच्या पातळीवर मात्र काहीच बदलले नाही, वेढा भारताचाच. ऑगस्ट १९६१ मध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने ती भारतात विलीन झाली तेव्हा देशांच्या पातळीवरचा प्रश्नच संपला. याच्याही आत एक तुकडा आहे: मघवाळ हे गुजरातचे गाव नगर हवेलीने वेढलेले आहे. तिथे उतरलेल्या माणसाच्या खिशातला नकाशा जिल्हा पातळीचा नसेल, तर हे गाव त्याला दिसणारच नाही.

सरंजामाचा उल्लेख आला आहे तर त्याचे कारणही सांगायला हवे, कारण असे तुकडे का तयार होतात याचे बहुतेक ठिकाणचे उत्तर त्यात आहे. जुन्या काळी सत्ता म्हणजे सलग जमीन नव्हे. सत्ता म्हणजे कोणत्या गावाचा वसूल कोणाकडे जातो. गावे वाटून दिली जात, ती इनामात, आंदणात, तहात जात, आणि ती एकमेकांना लागून असावीत अशी कोणाला गरज वाटत नसे. पटवर्धनांच्या सांगली संस्थानाचे तालुके पाहा: मिरजप्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी. मंगळवेढे पंढरपूरजवळ, शहापूर बेळगावला चिकटून, शिरहट्टी थेट आजच्या गदग जिल्ह्यात. मधे इंग्रजांचा मुलूख आणि इतर संस्थाने. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली म्हणून हे तुकडे मिटले. वरची सत्ता एक झाली नसती तर आज दक्षिण महाराष्ट्राचा नकाशाही युरोपच्या जुन्या नकाशासारखाच ठिगळांचा राहिला असता. युरोपातल्या काही तुकड्यांचे मूळ तर तहाच्या एका शब्दात आहे. १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने सेर्दान्या खोऱ्यातली गावे फ्रान्सकडे गेली. लिव्हिया हे गाव नसून नगर आहे असा मुद्दा स्पेनने धरला आणि ते आजही फ्रान्सच्या पोटात स्पेनचे आहे.

आता अशी प्रकरणे, जिथे सीमा सलग आहे पण वाट नाही. ऑस्ट्रियाची क्लाइनवाल्झरताल ही दरी ऑस्ट्रियाला जोडलेली आहे, पण मधे डोंगर. रस्ता फक्त जर्मनीतून. अमेरिकेचे पॉइंट रॉबर्ट्स हे कॅनडातून खाली आलेल्या भूशिराचे टोक आहे. ४९ अक्षांशाची सरळ रेषा तिथून गेल्यामुळे ते तुटले. समुद्रातून ते अमेरिकेच्याच पाण्याने जोडलेले आहे, पण गाडीने जायचे तर कॅनडाच्या सीमेवरून दोनदा जावे लागते. करोनाच्या काळात ती सीमा बंद झाली तेव्हा तिथल्या लोकांचे फार हाल झाले. हे काटेकोर एक्सक्लेव्ह नाहीत. यांना व्यवहारातले एक्सक्लेव्ह म्हणावे.

गोव्यात याचे उदाहरण आहे. तेरेखोल गाव आणि किल्ला तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर, उरलेला गोवा दक्षिण काठावर. जमिनीने ते गाव महाराष्ट्राला, सिंधुदुर्गातल्या रेडीच्या बाजूला, जोडलेले आहे. मुखापाशी नदीचे दोन्ही काठ गोव्याचे असल्यामुळे मधले पाणीही गोव्याचेच, म्हणून केरीहून फेरीबोटीने जाताना राज्याची हद्द ओलांडावी लागत नाही. सलगता पाण्याने टिकून आहे. फेरी बंद असली की मात्र महाराष्ट्रात शिरूनच जावे लागते. तेरेखोलला सरसकट एक्सक्लेव्ह म्हणणारे नकाशे चुकतात; ते नदीच्या काठाला सीमा समजतात.

अशीच चर्चा क्रोएशियाच्या दुब्रोव्हनिकबद्दल होते. बोस्नियाची न्यूमजवळची सुमारे २० किलोमीटरची किनारपट्टी मधे येते. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्स पूल सुरू झाला आणि क्रोएशियातून क्रोएशियात जाताना बोस्निया लागेनासा झाला. जमिनीवरची सीमा तिळभर हलली नाही, म्हणून जमिनीपुरता एक्सक्लेव्ह कायम. अडचण मात्र गेली. नोंद करताना या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात.

दोन तुकडे फक्त एका बिंदूत भेटत असतील तर? ऑस्ट्रियाचे युंगहोल्त्स हे गाव जर्मनीत घुसलेले आहे आणि उरलेल्या ऑस्ट्रियाला ते झॉर्गश्रोफेन या १,६३६ मीटर उंचीच्या शिखरावर एकाच बिंदूत टेकते. बिंदूला रुंदी नसते. त्यावरून ना रस्ता जातो ना पाण्याची नळी. मी त्याला एक्सक्लेव्ह मानतो, पण गणिती अर्थाने ते एन्क्लेव्ह नाही असे म्हणणारेही आहेत, म्हणून तुकड्यांचा तक्ता करताना त्यापुढे तशी टीप हवी.

भाडेपट्टा आणि सार्वभौमत्व यांत गल्लत फार होते. वकिलातीची इमारत ही यजमान देशाचीच भूमी असते. तिला संरक्षण असते, पण ती एन्क्लेव्ह नसते. न्यूयॉर्कमधले संयुक्त राष्ट्रांचे मुख्यालय अमेरिकेच्याच भूमीवर आहे. ग्वांतानामोच्या नाविक तळाचे अंतिम सार्वभौमत्व क्युबाचे, पट्ट्याने ताबा अमेरिकेचा. पट्टा कितीही दीर्घ मुदतीचा असला तरी सीमारेषा हलत नाही.

याचा कस लागला तो उत्तर बंगालातल्या कूचबिहारच्या छिटमहलांमध्ये, म्हणजे परक्या हद्दीत अडकलेल्या तुकड्यांमध्ये. कूचबिहार संस्थान आणि मुघल यांच्यात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तह झाले तेव्हा दोघांच्या ताब्यातली काही गावे एकमेकांच्या हद्दीत राहून गेली. राजा आणि फौजदार बुद्धिबळात गावे हरत-जिंकत, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. ती लोककथा आहे. १९४९ मध्ये कूचबिहार भारतात आले आणि हे तुकडे आंतरराष्ट्रीय एन्क्लेव्ह बनले. अधिकृत यादीनुसार भारताचे १११ तुकडे, १७,१६०.६३ एकर, बांगलादेशात. बांगलादेशाचे ५१ तुकडे, ७,११०.०२ एकर, भारतात. २०११ च्या संयुक्त शिरगणतीत पहिल्यांत सुमारे ३७ हजार आणि दुसऱ्यांत सुमारे १४ हजार माणसे मोजली गेली.

त्या माणसांची कोंडी अशी होती: आपल्या देशात जायला व्हिसा हवा, आणि व्हिसा मागायला आधी आपल्या देशातल्या कचेरीत जायला हवे, म्हणजे परकी हद्द बेकायदा ओलांडायला हवी. पोलीस येऊ शकत नव्हते, विजेचे खांब येऊ शकत नव्हते, मुलांना शाळेत घालायचे तर पत्ता खोटा द्यावा लागे. एन्क्लेव्हची व्याख्या शिकवताना ही गोष्ट गाळू नये. वेढा हा शब्द नकाशावर एक बंद रेषा असतो, गावात तो दवाखान्याची वाट असतो.

सोडवणुकीला इतकी वर्षे का लागली? १९५८ मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात सीमेवरच्या बेरुबाडीची वाटणी आणि छिटमहलांची अदलाबदल यांचा करार झाला. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भारताची भूमी दुसऱ्या देशाला द्यायची तर घटनादुरुस्ती लागते. त्यामुळे १९७४ चा इंदिरा गांधी आणि मुजीब यांचा करार, २०११ चा पूरक करार, आणि अखेर २०१५ ची शंभरावी घटनादुरुस्ती अशी वाट चालावी लागली. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली. राहायचे कुठे हे ठरवण्याची मुभा लोकांना दिली होती; बहुतेकांनी गाव न सोडता नागरिकत्व बदलले.

एक तुकडा मात्र उरला: बांगलादेशाचे दहग्राम आणि अंगारपोता. नावे दोन, पण जमीन लागून आणि वेढा एकच, म्हणून एन्क्लेव्ह एकच. महसुली नोंदीतल्या छिटांची संख्या आणि भौगोलिक एन्क्लेव्हची संख्या जुळत नाही ती अशा कारणांनी. वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे आकडे दिसले तर मोजणीचे एकक कोणते होते ते आधी पाहा. दहग्रामला जायला तीन बिघा नावाची १७८ मीटर लांब आणि ८५ मीटर रुंद पट्टी भारताने पट्ट्याने दिली आहे. ती २६ जून १९९२ ला ठरावीक वेळांपुरती उघडली आणि २०११ पासून चोवीस तास खुली आहे. पट्टा म्हणजे भूमी देणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केले होते. पट्टी भारताचीच, म्हणून दहग्राम आजही एन्क्लेव्हच.

एन्क्लेव्हच्या आत एन्क्लेव्ह, हा पुढचा प्रकार. ओमानचे मधा हे गाव संयुक्त अरब अमिरातीने वेढलेले आहे आणि मधाच्या आत अमिरातीचे नहवा आहे. नेदरलँड्समधल्या बार्ले गावात बेल्जियमचे २२ तुकडे आहेत आणि त्यांतल्या काहींच्या आत नेदरलँड्सचे ७. बेल्जियमच्या त्या २२ पैकी सर्वांत छोटा पाऊण एकराच्या आतला आहे. १८४३ मध्ये दोन्ही देशांनी सीमा आखली तेव्हा इथे रेषा ओढता आली नाही. एकेका भूखंडापुढे त्याचा देश लिहावा लागला. नोंदींत विसंगती राहिली आणि ९१ व ९२ क्रमांकाच्या भूखंडांचा वाद १९५९ मध्ये हेगला जाऊन बेल्जियमच्या बाजूने सुटला. सीमा घरांमधून जाते, म्हणून पुढचा दरवाजा ज्या देशात, ते घर त्या देशाचे, असा नियम चालतो. एका घराच्या तर दरवाजाच्याच मधून सीमा गेल्यामुळे त्याला दोन्ही देशांचे घरक्रमांक आहेत. तिसऱ्या पायरीचा एन्क्लेव्ह जगात एकच होता: दहाला खागराबाडी. बांगलादेशाच्या आत भारत, त्याच्या आत बांगलादेश, आणि त्याच्या आत भारताचे सुमारे ७,००० चौरस मीटरचे शेत. २०१५ च्या अदलाबदलीत ते गेले.

संगणकावर हे तपासायचे असेल तर क्रम असा ठेवावा. पातळी आणि तारीख ठरवा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक देशाचा बहुभुज, म्हणजे हद्दीची बंद आकृती, ‘मल्टीपार्ट टू सिंगलपार्ट्स’ने सुटा करा आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र क्रमांक द्या. मग तुकड्याच्या बाहेरच्या परिघाची लांबी काढा आणि प्रत्येक शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या सीमेची लांबी काढा. एका शेजाऱ्याची सामाईक लांबी पूर्ण परिघाएवढी भरली तर एन्क्लेव्ह. काही भाग उरला तर तो किनारा आहे की नाही ते पाहा. किनारा नसून काही मीटरच उरत असतील, तर दोन थरांच्या (नकाशाच्या माहितीच्या फायलींच्या) रेषा नीट जुळलेल्या नाहीत, दुसरे काही नाही.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमधले ‘टचेस’ फंक्शन एका बिंदूवरच्या स्पर्शालाही होकार देते, त्यामुळे युंगहोल्त्स सलग दिसते; म्हणून सामाईक रेषेची लांबी शून्याहून जास्त आहे का तेच पाहावे. दुसरे, प्रत्येक बहुभुज वेगवेगळा सोपा केला, म्हणजे रेषेतले बिंदू कमी केले, की शेजाऱ्यांच्या मधे फटी पडतात आणि लहान तुकडे नाहीसे होतात. बार्लेसारख्या ठिकाणी रेषा अजिबात सोपी करू नये, आणि इतरत्र करायची तर सामाईक सीमा एकदाच सोपी होईल अशी पद्धत वापरावी. तिसरे, वेढणाऱ्या देशाच्या बहुभुजात एन्क्लेव्हच्या जागी भोक असायला हवे. ते नसेल तर एकच जमीन दोन देशांत मोजली जाते. बऱ्याच थरांत बहुभुज किनाररेषेवर कापलेले असतात. त्यामुळे तेरेखोलसारखी खाडीपलीकडची गावे उगाच तुटलेली दिसतात. अशा वेळी पाण्यासह असलेली प्रशासकीय हद्द मिळवा.

ताबा आणि कायदा यांचे रकाने वेगळे ठेवा. आर्मेनियाचे आर्त्स्वाशेन १९९२ पासून अझरबैजानच्या ताब्यात आहे. कायद्याने ते एक्सक्लेव्ह, जमिनीवर नाही. लोकांची जात, भाषा किंवा धर्म यावरूनही हा शब्द लावू नये. किर्गिझस्तानमधले सोख हे उझबेकिस्तानचे एन्क्लेव्ह आहे, तिथले जवळजवळ सगळे लोक ताजिक असले तरी. आणि तंजावरची मराठी वस्ती हे भाषेचे बेट आहे, राजकीय भूगोलातले एन्क्लेव्ह नाही.

शेवटी तारीख. दक्षिण आफ्रिकेचे वॉल्व्हिस बे १९९४ पासून नामिबियाचे आहे. पश्चिम बर्लिनचे श्टाइनश्ट्युकेन १९७२ च्या जमीन अदलाबदलीने रस्त्याने जोडले गेले. भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेचा थर हातात आला तर रंगपूर विभागाच्या उत्तर भागात डझनावारी भोके दिसतात का ते पाहा. दिसत असतील तर तो थर २०१५ च्या आधीचा आहे. नव्या थरात भारताच्या बाजूला दहग्राम आणि अंगारपोता यांचे एकच भोक असायला हवे.